टोकन दिलेलं घर सोडलं त्याची गोष्ट

ठाण्यात नौपाड्यातला तो टू बीएचके आम्ही घेत नाही आहोत. जो भेटेल तो "मग, पेढे कधी?" विचारतोय आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचा आता कंटाळा आलाय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, म्हणजे पुढच्या विचारणाऱ्याला लिंक पाठवली की झालं.

टोकन दिल्यावर आम्ही एका स्ट्रक्चरल इंजिनिअरला घर दाखवलं, त्यांनी आम्हाला तेच घर पुन्हा दाखवलं, आणि ते बघून आम्ही मागे फिरलो. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी इथे थांबायला हरकत नाही. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहितेय, कारण आमच्या ओळखीतली निदान चार घरं तरी सध्या रिसेल फ्लॅट शोधतायत.

तर घर. गोखले रोडवरून आत गेलं की दोन मिनिटांवर, स्टेशनला चालत, भाजी खाली, शाळा मागच्या गल्लीत. १९९३ ची बिल्डिंग, ग्राउंड प्लस फोर, खाली दुकानं, लिफ्ट आहे (दोन माणसं आणि एक पिशवी मावेल एवढी). फ्लॅट चौथ्यावर म्हणजे टॉप फ्लोअर. हॉलच्या खिडकीत आंब्याचं झाड, हवा अशी की मार्च महिन्यात दुपारी पंखा लावावा लागला नाही. सासूबाईंनी होकायंत्र न काढताच किचन आग्नेयेला असल्याचं जाहीर केलं, म्हणजे त्यांच्याकडून पास. नवरा पार्किंग बघून खुश. मी ओटा बघून खुश, कारण माझ्या उंचीचा ओटा ठाण्यात मला पहिल्यांदाच मिळाला. नुकताच रंग दिलेला, बेडरूममध्ये पीओपी (म्हणजे स्लॅबच्या खाली बसवलेलं शोभेचं छत), त्यात छोटे छोटे लाईट. मालक काका बँकेतून रिटायर झालेले, मुलगा पुण्याला बावधनला, आता तिकडेच जायचं म्हणून विकतायत. काकूंनी पहिल्याच दिवशी कोकम सरबत दिलं, आणि निघताना "तुम्हीच घ्या हो, घर चांगल्या माणसांकडे गेलं पाहिजे" म्हणाल्या. भाव सव्वा कोटीच्या आसपास. आत्ता आम्ही पाचपाखाडीत भाड्याने राहतो, दर ११ महिन्यांनी ॲग्रीमेंट आणि दर वेळी भाडं वर, त्यामुळे ते वाक्य ऐकून कसं वाटलं असेल ते भाड्याने राहणाऱ्यांना सांगायला नको.

कागदांच्या बाबतीत आम्ही काटेकोर होतो. आमच्या भागात राहणारा माणूस कागदांना घाबरतोच आणि त्यात काही चूक नाही, डोंबिवलीत खोट्या परवानग्यांवर रेरा नंबर (म्हणजे गृहप्रकल्पाची सरकारी नोंदणी) मिळवलेल्या ६५ बिल्डिंगांचं प्रकरण सगळ्यांनी वाचलंय, लोकांनी कर्ज काढून घरं घेतली आणि २०२४ मध्ये हायकोर्टाने बिल्डिंगा पाडायला सांगितल्या. त्यामुळे वकील गाठला, ३० वर्षांचा सर्च (मालकीच्या नोंदींचा शोध) काढला, मूळ ॲग्रीमेंट, इंडेक्स टू (व्यवहार नोंदल्याचा उतारा), शेअर सर्टिफिकेट, ओसी (बिल्डिंग राहायला योग्य असल्याचा दाखला), सोसायटीच्या नावावर कन्व्हेअन्स (जमीन-बिल्डिंगची मालकी), सगळं सगळं बघितलं. कागद अगदी स्वच्छ. वकील म्हणाले, असे पेपर हल्ली बघायला मिळत नाहीत.

आणि इथेच बहुतेक लोक थांबतात. म्हणजे बघा, सव्वा कोटीच्या वस्तूचे कागद तपासायला आपण वकील लावतो, दिशा तपासायला वास्तुवाला लावतो, मुहूर्त गुरुजी काढतात, पण ती वस्तू स्वतः, भिंती, स्लॅब, पाईप, वायरिंग, हे तपासायला कोण येतं? कोणी नाही. आपण नळ सोडून बघतो, खिडकी उघडून बघतो, "हवा छान आहे" म्हणतो. सेकंड हँड गाडी घेताना ओळखीचा मेकॅनिक घेऊन जाणारा माणूससुद्धा घर घेताना एकटाच जातो.

"अहो पण बँक तपासते ना" हे मला निदान तिघांनी सांगितलं. बँकेचा व्हॅल्युअर आमच्यासमोर आला होता. टेप लावून खोल्या मोजल्या, चार फोटो काढले, बिल्डिंग किती सालची विचारलं, सोसायटीचा बोर्ड मोबाईलमध्ये टिपला आणि गेला. चहा गार व्हायच्या आत. त्याचा दोष नाही, त्याचं काम वेगळं आहे. उद्या आम्ही हप्ते बुडवले तर हे घर विकून बँकेचे पैसे सुटतील का आणि कर्ज फिटेपर्यंत बिल्डिंग टिकेल असं कागदावर म्हणता येईल का, एवढंच त्याला सांगायचं असतं. त्याचा रिपोर्ट बँकेसाठी असतो. बाथरूममधून खालच्या घरात पाणी जातंय का हे बघायला तो आलेला नसतो.

इंजिनिअरचं डोक्यात आलं ते नवऱ्याच्या ऑफिसमधल्या एकामुळे, त्याने नव्या फ्लॅटचा ताबा घेताना असं इन्स्पेक्शन करून घेतलं होतं. नवीन बिल्डिंगमध्ये निदान रेराच्या कायद्याने ताबा दिल्यापासून ५ वर्षं स्ट्रक्चरल दोषांची जबाबदारी बिल्डरवर असते. १९९३ च्या बिल्डिंगचा बिल्डर कुठे शोधणार, आमच्या केसमध्ये तर ती कंपनीच आता नाही. म्हणजे जुन्या घराला तपासणीची जास्त गरज, आणि जुन्याच घराची तपासणी कोणी करत नाही.

टोकन १ लाख द्यायचं ठरलं तेव्हा आमच्या वकिलांनी पावतीत एक ओळ घालायला लावली. तांत्रिक तपासणीचा अहवाल खरेदीदाराला समाधानकारक न वाटल्यास टोकनची पूर्ण रक्कम १५ दिवसांत परत. एजंट त्या ओळीवर जाम नाराज. "मॅडम, अशी अट मी माझ्या लाईफमध्ये घातली नाही, ओनरला वाटेल तुम्हाला घ्यायचंच नाहीये." मी म्हटलं घ्यायचंय म्हणूनच घालतेय. काकांनी मात्र काही खळखळ न करता सही केली, त्यांना मनापासून वाटत होतं की घरात काही नाहीच आहे. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढचं वाचून कोणाला वाटेल की ते लबाड होते. मला तसं अजूनही वाटत नाही.

इंजिनिअर साहेब म्हणाले की पहिला चांगला पाऊस होऊ दे, मग येतो. एप्रिल-मेमध्ये भिंत कोरडी, तिच्यावर ताजा रंग, काही कळत नाही. त्यामुळे जूनमध्ये दोन दिवस धो धो पडल्यावर आले. माझ्या डोळ्यांसमोर लॅपटॉपवाला तरुण मुलगा होता, प्रत्यक्षात साठीच्या पुढचे गृहस्थ, पायात फ्लोटर्स, खांद्याला झोळी आणि सोबत घडीची शिडी घेतलेला असिस्टंट. झोळीतून काय काय निघालं: छोटी हातोडी, टॉर्च, ओल मोजायचं मीटर, लेव्हल, प्लगमध्ये खुपसायचा टेस्टर आणि एक थर्मल कॅमेरा. काकू म्हणाल्या, डॉक्टरच आलेत जणू.

त्यांनी सुरुवात फरशीपासून केली. हातोडीच्या मागच्या बाजूने प्रत्येक फरशीवर टक टक, आणि आपण ऐकत राहायचं. हॉलच्या मधल्या पट्ट्यात आवाज बदलला, भद्द, म्हणजे खाली पोकळ, चिकटलेलं सुटलंय. ते म्हणाले हे किरकोळ आहे, उन्हाळ्यात एखाद दिवशी फट्कन वर येईल, बदलून घ्यायचं. मी लिहून घेत होते, किरकोळ, किरकोळ. वायरिंग: गिझरच्या पॉइंटला टेस्टर लावला तर अर्थिंगच नाही. तिसरी पिन नुसती शोभेची. ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नाही. अख्ख्या घराच्या वायरी जुन्या, त्यावर नंतर दोन एसी चढवलेले. "हे मात्र राहायला येण्याआधी करायचंच, यात माणूस जातो," पण तेही खर्चाचं काम, होण्यासारखं. इथपर्यंत नवरा मोबाईलवर बेरीज करत होता आणि बेरीज आवाक्यात होती.

मग बेडरूम. काकांनी मागच्या दिवाळीला पीओपी केलं होतं, छान दिसतं म्हणून. साहेबांनी थर्मल कॅमेरा वर धरला, एका कोपऱ्यात निळा पट्टा. त्यांनी लगेच सांगितलं की कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही, गारवा दिसतो, म्हणून यावर विश्वास ठेवायचा नाही, मीटर लावायचं. मीटर लावलं, आकडा वर. मग काकांची परवानगी घेऊन असिस्टंटने पीओपीतला एक लाईट बाहेर काढला आणि त्या भोकातून वायरीच्या टोकाला असलेला छोटा कॅमेरा आत सोडला. आम्ही सगळे मोबाईलच्या स्क्रीनवर वाकून.

पीओपीच्या वर स्लॅबचे तुकडे पडलेले होते. वर स्लॅबच्या सळ्या उघड्या, लालभडक गंजलेल्या, बाजूला प्लास्टरचे पोपडे लोंबतायत. म्हणजे स्लॅब सुटत होता आणि पीओपी ते सगळं झेलत होतं. खालून बघणाऱ्याला दिसत होते ते सुंदर छोटे लाईट.

कोणीच काही बोललं नाही. मग काका हळूच म्हणाले, "पीओपीवाल्याने मला हे सांगितलं नाही." त्यांचा चेहरा बघून मला खात्री पटली की खरंच सांगितलं नसणार, किंवा सांगितलं असेल तर "होतं हो काका जुन्या बिल्डिंगीत" असं.

साहेबांनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. काँक्रीट नवीन असताना अल्कलीयुक्त असतं, त्या वातावरणात आतल्या लोखंडाला गंज धरत नाही. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साईड आत मुरतो, ती अल्कली कमी होते, त्यात वरून पाणी झिरपत असेल तर सळी गंजायला लागते. आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, म्हणून सळी फुगते आणि आपल्या अंगावरचं काँक्रीट ढकलून फोडते. आपल्याला जे "स्लॅबचं प्लास्टर पडलं" वाटतं ते बऱ्याचदा प्लास्टर नसतंच. म्हणून त्यावर नुसतं सिमेंट थापून रंग मारला की दोन पावसाळ्यांत पुन्हा पडतं.

गच्चीवर गेलो. अर्ध्या भागावर पत्र्याची शेड, अर्धी उघडी, आणि उघडी नेमकी आमच्या बेडरूमवर. चायना मोझॅक (फरशीच्या तुकड्यांचा थर) जागोजागी उडालेलं, त्यावर कोणीतरी काळं केमिकल फासलेलं, त्यावर पुन्हा कोबा. दर काही वर्षांनी एक थर. "आधीचं काढायला खर्च येतो म्हणून वर चढवतात, पण हे सगळं वजन स्लॅबच उचलतोय." कठड्याच्या फटीत पिंपळाचं हातभर रोप, ते वरून कापतात आणि मुळं आत वाढत राहतात. पाण्याच्या टाकीखाली शेवाळ. हे सगळं आम्ही मार्चमध्ये बघितलं होतं बरं का, गच्चीवर येऊन "काय मस्त व्ह्यू आहे, येऊर दिसतं" म्हणून फोटोपण काढलेले.

बाथरूमच्या बाबतीत त्यांनी आत फार वेळ घालवला नाही. म्हणाले, बाथरूम बघायचं असेल तर खालच्या घरात जायचं. हे वाक्य मी ज्याला त्याला सांगत सुटलेय. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई आधी दारात उभ्या राहूनच बोलत होत्या, कोण आहात कळल्यावर एकदम "या या या, बघाच तुम्ही." त्यांच्या बाथरूमचं छत म्हणजे पिवळे डाग, लोणा, एका ठिकाणी सळी बाहेर, आणि गिझरवर प्लास्टिकचा कागद बांधलेला. सहा वर्षं वरच्यांना सांगतायत. वरचे म्हणतात बिडाचा पाईप फुटलाय, तो कॉमन, सोसायटीने करावा. सोसायटी म्हणते तुमच्या नहाणीचं वॉटरप्रूफिंग गेलंय, तुम्ही करा. साहेब म्हणाले दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. बाई मला म्हणाल्या, "तुम्ही घेताय ना, तुम्ही तरी करा हो." म्हणजे अजून ॲग्रीमेंट नाही आणि भांडण मात्र आमच्या नावावर ट्रान्सफर होऊनसुद्धा झालं होतं.

हॉल आणि किचनमधली भिंत काकांनी दहा-बारा वर्षांपूर्वी काढून ओपन किचन केलं होतं. भिंत काढणं तितकं वाईट नव्हतं, ती नुसती विटांची होती. पण वरच्या बीमच्या खालच्या बाजूला कन्सील्ड वायरिंगसाठी खाच मारली होती, आणि त्यात बीमच्या रिंगा (मुख्य सळ्यांना वेढणाऱ्या बारीक सळ्या) कापल्या गेल्या होत्या. इलेक्ट्रिशियनने मारली असणार, कटर घेतला की त्याला सगळं सारखंच. वर त्याच बीमला माझ्या आवडत्या ओट्याच्या चिमणीचं भोक. ज्या ओट्यासाठी मी हे घर घेत होते तो. असो.

शेवटी खाली पार्किंगमध्ये. दोन कॉलमना उभ्या भेगा, अगदी सळीच्या रेषेत. उभी भेग सळीच्या लाईनने जात असेल तर आत गंज आहे असं समजायचं, असं ते म्हणाले. एका कॉलमचा कोपरा आधीच फुटलेला होता, तिथे सेक्रेटरींना विचारून त्यांनी छोटासा ताजा तुकडा काढला आणि बाटलीतून पाण्यासारखं काहीतरी फवारलं. फिनॉल्फ्थॅलीन. दहावीच्या प्रॅक्टिकलनंतर त्याची माझी भेट ही पहिलीच. काँक्रीटमध्ये अल्कली शिल्लक असेल तर गुलाबी होतं. आतल्या भागात गुलाबी झालं, बाहेरच्या थरात, सळीच्या मागेपर्यंत, काहीच नाही, करडं ते करडंच. म्हणजे सळीभोवतीचं संरक्षण गेलेलं. त्यांनी तिथल्या तिथे बजावलं की ही एका जागेची चाचणी आहे, यावरून बिल्डिंग पडणार वगैरे अजिबात बोलायचं नाही, पूर्ण ऑडिट वेगळं असतं, त्यात रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक, कोअर काढणं असं सगळं येतं.

"मग सोसायटीचं ऑडिट झालंय का?" त्यांनी सेक्रेटरींना विचारलं. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (म्हणजे नियमावलीप्रमाणे) १५ ते ३० वर्षांच्या बिल्डिंगचं दर ५ वर्षांनी आणि ३० च्या वर दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला पाहिजे, शिवाय महापालिकेच्या कायद्यातही ३० वर्षं झाली की स्थैर्याचं सर्टिफिकेट द्यावं लागतं. सेक्रेटरी म्हणाले झालंय. रिपोर्ट? चेअरमनकडे. चेअरमन? मुलीकडे बंगलोरला. मग नवऱ्याने जरा गोड बोलून चिकाटी धरली तर दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली, २०१९ ची. वर्ग सी२बी. महापालिका धोकादायक इमारतींचे चार वर्ग करते, सी१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी२बी म्हणजे लोक राहत असताना दुरुस्ती, सी३ म्हणजे किरकोळ. तर २०१९ मध्येच सी२बी, कॉलम, बीम, गच्ची, सगळ्याची यादी दिलेली, "तातडीने" असा शब्द. त्यानंतर सोसायटीने काय केलं? बाहेरून रंग.

का, तेही तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनीच सांगितलं. प्रत्येक फ्लॅटमागे अडीच लाखांची वर्गणी निघाली, खालचे दुकानदार म्हणाले आमच्याकडे गळत नाही आम्ही देणार नाही, मधल्या मजल्यांवरचे म्हणाले रिडेव्हलपमेंट येणारच आहे तर दुरुस्तीत पैसे कशाला घालायचे, आणि टॉप फ्लोअरवाले एकटे पडले. सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेले पैसे) आहे, पण बांधकाम खर्चाच्या वर्षाला पाव टक्का या हिशोबाने, तोही १९९३ च्या बांधकाम खर्चावर, किती जमणार सांगा.

एजंटचं हुकमाचं पानसुद्धा रिडेव्हलपमेंटच होतं. "मॅडम, तुम्ही स्लॅब काय बघताय, ही बिल्डिंग तीन वर्षांत जाणार, तुम्हाला जास्त एरिया फुकटात." कायद्याने आता ५१ टक्के सभासदांची संमती पुरते हे खरं आहे, २०१९ पासून. पण आमच्या वकिलांनी एकच प्रश्न विचारला, समोरचा रस्ता किती रुंद आहे? ९ मीटर भरत नाही. तेवढा रस्ता नसला की टीडीआर (दुसऱ्या जागेवरून विकत आणलेला जास्तीच्या बांधकामाचा हक्क) चढत नाही, बिल्डरला परवडत नाही, नौपाड्यातल्या अशा कितीतरी बिल्डिंगा यातच अडकून बसल्यात. म्हणजे दुरुस्ती नाही कारण रिडेव्हलपमेंट येणार, आणि रिडेव्हलपमेंट येत नाही कारण रस्ता. आणि मध्ये माझ्या बेडरूमचा स्लॅब.

एजंट अजून एक म्हणाला होता, "मुंबई-ठाण्यात कुठली बिल्डिंग गळत नाही सांगा?" प्रश्न बिनतोड आहे. खरंच सगळ्या गळतात. म्हणून आम्ही त्या रात्री गळतंय की नाही यावर बोललोच नाही. इंजिनिअर साहेबांनी निघताना जे सांगितलं त्यावर बोललो. ते म्हणाले, "फ्लॅटच्या आतला खर्च मी तुम्हाला काढून देतो, अगदी रुपयात. कॉलमचा आणि गच्चीचा खर्च मी पण काढू शकतो, पण तो तुम्ही एकट्याने करू शकत नाही. त्याला मीटिंग लागते." आमच्या यादीच्या आम्ही दोन याद्या केल्या. फरशी, वायरिंग, नहाणी, अगदी बेडरूमचा स्लॅबसुद्धा खालून दुरुस्त करून घेता येतो, ते सगळं किमतीतून कमी करून मागता आलं असतं. काकांनी दुसऱ्या दिवशी स्वतःहून ४ लाख कमी करायची तयारी दाखवली होती. पण कॉलम, गच्ची आणि तो कापलेला बीम ज्याच्यावर बसलाय तो सांगाडा, यासाठी चाळीस लाख कमी केले तरी आम्ही काय करणार होतो? दुकानदारांच्या हातापाया पडणार?

सासूबाईंचं मत मात्र आधीच झालं होतं. त्या इन्स्पेक्शनला आल्या नव्हत्या, फोटो बघितले. २०१५ च्या ऑगस्टमध्ये नौपाड्यातच बी केबिनला पहाटे एक जुनी बिल्डिंग कोसळली होती, त्यांच्या भिशीतल्या एकीच्या नात्यातलं कोणीतरी जवळच राहायचं. त्या म्हणाल्या, "मला रात्री वर बघत झोप यायची नाही." आग्नेयेच्या किचनबद्दल पुन्हा अवाक्षर काढलं नाही.

काकांना फोन नवऱ्याने करायचा असं ठरलं होतं, शेवटी मीच केला, आणि फोनवर नको म्हणून दोघंही गेलो. रिपोर्टची कॉपी त्यांना दिली, सगळी, कारण त्यांनाही तिथेच झोपायचं होतं अजून. ते चिडले. "तीस वर्षं राहिलो आम्ही, एक खडा पडला नाही डोक्यात." मग पीओपीचं आठवून गप्प झाले. काकू आतून बाहेर आल्याच नाहीत, सरबत तर दूरच, आणि ते मला त्या रिपोर्टमधल्या कुठल्याही ओळीपेक्षा जास्त लागलं, खोटं कशाला बोलू. निघताना काका म्हणाले, आता हा रिपोर्ट माझ्याकडे आहे म्हणजे पुढच्या गिऱ्हाईकाला मला सांगावं लागणार. कायद्याने लागतंच, मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला सहज न दिसणारा मोठा दोष सांगणं बंधनकारक आहे, वकिलांनी ते आम्हाला आधीच सांगितलं होतं. पण तेव्हा ते काकांना ऐकवायची माझी हिंमत झाली नाही.

टोकनचं म्हणाल तर त्या एका ओळीमुळे आलं. सहज नाही. एजंट आधी म्हणाला "समाधानकारक" म्हणजे काय ते कुठे लिहिलंय. मग म्हणाला निम्मं ठेवतो, माझी मेहनत. मग फोन उचलायचा बंद. १५ दिवस उलटून गेल्यावर वकिलांनी पावतीच्या फोटोसकट एक सभ्य मेसेज टाकला आणि काकांनी एजंटला बाजूला ठेवून थेट अकाउंटला पैसे टाकले, पूर्ण. सोबत मेसेज, "रिसीव्ड कळवा." मी थँक्यू काका लिहिलं, त्यावर नुसता अंगठा.

इन्स्पेक्शनचे १५ हजारांच्या आत गेले आणि वकिलांची फी. हे पैसे फुकट गेले असं दीराचं मत आहे. त्याच्या मते आम्ही एवढं खणत बसलो तर ठाण्यात घरच मिळणार नाही. त्याला मी म्हटलं, ॲग्रीमेंट रजिस्टर झाल्यावर कळलं असतं तर ठाण्यात ७ टक्के स्टॅम्प ड्युटी भरून झालेली, बाईच्या नावावर घेतलं तरी ६, वर ३० हजार रजिस्ट्रेशन, आणि मग रद्द करण्याचं खत आणि रिफंडसाठी खेटे. तो म्हणाला, कळलंच नसतं ना पण. या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नाही.

ज्यांनी इंजिनिअरचा नंबर मागितलाय त्यांना वेगळा पाठवते, त्यांनी परवानगी दिलीये. फक्त ते पावसात जास्त बिझी असतात आणि कोकणात गावी गेले की फोन लागत नाही.

दरम्यान चरईत एक बघतोय, दुसरा मजला, बिल्डिंग २००४ ची. फोटो बरे आहेत, ओटा ठेंगणा आहे. एजंटला पहिल्याच फोनवर सांगून टाकलं की बघायला येताना सोबत इंजिनिअर असेल आणि आधी खालच्या घरात जाऊ. तो म्हणाला, ओनरला विचारून कळवतो मॅडम. अजून कळवलेलं नाही.